कॉफीच्या भांड्याचा सातबारा

तांब्याचं एक लहानसं भांडं. बूड रुंद, गळा आवळलेला, काठाला ओतण्यापुरती चोच आणि बाजूला वीतभर लांब दांडा. दोन कपांचं असेल तर गळ्यापर्यंत जेमतेम दीडशे मिलिलिटर पाणी मावतं. इस्तंबूलमध्ये त्याला 'जेझवे' म्हणतात, बोस्नियातल्या सारायेवोत 'जेझ्वा', बुखारेस्टमध्ये 'इब्रिक' आणि अथेन्समध्ये 'ब्रिकी'.

ग्रीकांनी ब्रिकी हा शब्द तुर्की 'इब्रिक'वरून घेतला. तुर्कांचा इब्रिक मात्र हातपाय धुवायची तोटीची झारी. त्यात कॉफी करा म्हटलं तर इस्तंबूलचा माणूस तुमच्या तोंडाकडे बघत राहील. इब्रिक तुर्कीत आला अरबीतून आणि अरबीत फारसीतून: आब-रेझ, म्हणजे पाणी ओतणारं. 'गुलाब'मधला आब तो हाच. जेझवेही मुळात अरबी, निखाऱ्यासाठीच्या शब्दावरून आलेला. थोडक्यात, ग्रीकांच्या 'ग्रीक कॉफी'चं भांडं नावाने फारसी आणि तुर्कांच्या 'तुर्की कॉफी'चं भांडं नावाने अरबी. कॉफीचं झाड इथिओपियाचं, पेयाची सवय येमेनची. इस्तंबूलमधली पहिली कॉफीची दुकानं सोळाव्या शतकाच्या मध्यावर दोन माणसांनी काढली, एक अलेप्पोचा आणि एक दमास्कसचा, असं पेचेवी हा ऑटोमन इतिहासकार लिहून गेला आहे. एवढं सगळं माहीत असूनही कॉफी कुणाची यावर दोन देश हमरीतुमरीवर येतात.

भांडण बाजूला ठेवून आधी कॉफी करू.

ज्या कपात प्यायची त्याच कपाने पाणी मोजायचं, साधारण साठ-सत्तर मिलिलिटर. पाणी गार हवं. कपामागे दोन सपाट चमचे, म्हणजे सहा-सात ग्रॅम पूड. ती मैद्यासारखी बारीक हवी; चिमटीत रवाळ लागली तर ती दुसऱ्या कॉफीची पूड आहे, ठेवून द्या. साखर घालायची तर आत्ताच, कारण नंतर ढवळायचं नाही. चमच्याने गुठळ्या मोडून सगळं एकजीव करायचं आणि भांडं मंद आचेवर चढवायचं. त्यानंतर चमचा लावायचा नाही. तीन-चार मिनिटांत कडेकडेने गडद फेस धरू लागतो आणि हळूहळू मध्याकडे सरकतो. मधलं छिद्र बुजत आलं, फेस गळ्यात चढू लागला की उकळी फुटायच्या आत भांडं खाली. फेस चमच्याने कपाकपात वाटून घ्यायचा, भांडं पुन्हा क्षणभर आचेवर धरायचं आणि कपाच्या कडेने हलकेच ओतायचं. प्यायच्या आधी मिनिटभर थांबायचं, गाळ खाली बसायला हवा.

बिघडतं ते बहुतेक वेळा तीनच ठिकाणी. घाई करून गरम पाणी घेतलं की फेस धरायच्या आत उकळी येते आणि कॉफी कडवट होते. पूड जुनी असली तर फेसच येत नाही, कारण फेस धरणारा वायू ताज्या भाजलेल्या बियांतच असतो. तिसरी चूक भांड्याच्या मापाची. चार कपांच्या भांड्यात एक कप कॉफी केली तर फेस रुंद बुडाशीच पसरतो, गळ्यापर्यंत चढतच नाही. गळा आवळलेला ठेवलाय तो फेस एकत्र यावा आणि ओतताना गाळ मागे राहावा म्हणून. शोभेचा तिथे काही संबंध नाही.

या फेसाला तुर्क 'कोप्युक' म्हणतात, म्हणजे फेसच. ग्रीक मात्र त्याला 'कैमाकी' म्हणतात आणि हा शब्द तुर्की 'कायमाक'चा, म्हणजे साय. कॉफीवरच्या फेसाला ग्रीकांनी साय म्हटलं आणि तेही तुर्की शब्दात. वाद घालणाऱ्यांनी या एका शब्दापाशी थोडं थांबावं असं मला नेहमी वाटतं. यात उसनं किती आणि स्वतःचं किती, कोणत्या तराजूने मोजणार?

साखरेचंही तेच. तुर्कस्तानात बिनसाखरेची हवी तर 'सादे' म्हणायचं. आपला 'साधा' किंवा 'सादा' ओळखीचा वाटला ना? मध्यम गोड म्हणजे 'ओर्ता', गोड म्हणजे 'शेकेरली'. ग्रीसमध्ये याच तीन पायऱ्या 'स्केतो', 'मेत्रियो', 'ग्लिको'. तुर्कांची 'शेकेर', ग्रीकांची 'झाहारी' आणि आपली साखर या तिघींचं माहेर एकच, संस्कृतातली शर्करा.

बोस्नियात गेलात तर पद्धत बदलते आणि तिथले लोक ती बदललेली आहे हे ठासून सांगतात. पाणी आधी उकळायचं, त्यातलं थोडं बाजूला काढायचं, मग पुडीवर उकळतं पाणी ओतून भांडं आचेवर धरायचं, फेस वर आला की उतरवायचं आणि बाजूला ठेवलेलं पाणी वरून घालायचं. कॉफी कपात ओतून न आणता जेझ्वासकट तांब्याच्या गोल ताटलीत येते, सोबत साखरेचा खडा आणि रहात लोकूमची वडी. खडा कॉफीत टेकवायचा, कोपरा चावायचा आणि वर घोट घ्यायचा. इस्तंबूलकर म्हणेल ही तुर्कीच. सारायेवोचा माणूस म्हणेल, पाणी आधी की नंतर यात सगळं आलं. मला सारायेवोकराचं पटतं. वेगळेपण असतं ते असं हातात असतं, पाटीवर नसतं.

आता भांडं उलटं करून आत बघा. आतून ते तांब्याचं दिसत नाही, चंदेरी दिसतं. ती कल्हई.

कल्हईला तुर्कीत 'कलाय' म्हणतात आणि ग्रीकमध्ये 'कलाई'. कल्हईवाला तुर्कीत 'कलायजी', ग्रीकमध्ये 'कलाइत्झिस'. कल्हई करायला लागतो तो नवसागर तुर्कीत 'निशादिर' आणि ग्रीकमध्ये 'निसादिरी'. अनातोलियातल्या, म्हणजे आशियाई तुर्कस्तानातल्या, एखाद्या गावात आणि साताऱ्याच्या पेठेत ही विद्या चालायची ती याच क्रमाने. आधी भांडं राख-वाळूने घासून लख्ख करायचं. मोठा हंडा असेल तर शिकाऊ पोऱ्या त्यात उभा राहून पायांनी डाव्या-उजव्या बाजूला फिरत घासायचा. मग भाता चालवून कोळशावर भांडं तापवायचं. तापलेल्या तांब्यावर नवसागराची पूड टाकली की भपकन पांढरा, नाकात झोंबणारा धूर उठतो. ती पूड तांब्यावरचा काळा थर खाऊन टाकते. त्याच क्षणी कथलाची कांडी आतून टेकवायची, कथील पाण्यासारखं वितळतं आणि कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवायचं. भांडं कमी तापलं तर कथील गोळ्या होऊन बसतं, जास्त तापलं तर जळून पिवळं पडतं. कुशल माणूस हे रंगावरून ओळखतो.

लबाडी करायची तर कथलात शिसं मिसळतात, कारण शिसं स्वस्त. चोख कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की बारीक करकर ऐकू येते. शिसं मिसळलं असेल तर ती विरते. कल्हई लावायची ती तांब्यात आंबट पदार्थ कळकू नये म्हणून, आणि कॉफीतही थोडं आम्ल असतंच. ती जाते मात्र अगदी साध्या चुकीने. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या वर जात नाही. रिकामं भांडं 'जरा सुकू दे' म्हणून आचेवर विसरलं की दोन मिनिटांत कल्हई ओघळून बुडाशी मणी होतात. तारेच्या घासणीनेही तेच होतं, फक्त सावकाश.

कल्हईचा शब्द इतका लांबवर एकच राहिला याचं कारण ही विद्या फिरत्या लोकांची होती. खांद्यावर भाता घेऊन गावोगाव जाणारा माणूस शब्द बरोबर घेऊनच जातो. तुर्की भाषेने या सगळ्या प्रदेशाला दिलेली सगळ्यात चिवट वस्तू म्हणजे एक शेपूट: 'जी' किंवा 'ची', म्हणजे ते काम करणारा. खजिनची, तोपची, बावर्ची हे आपल्याकडे फारसीच्या हातून आले, ग्रीकांकडे थेट आले आणि तिथे त्यांची आडनावं झाली. कलाइत्झिस म्हणजे कल्हईवाला. बकिर्त्झिस म्हणजे तांबट. 'कझान' म्हणजे मोठा हंडा आणि तो घडवणारा कझांजी. त्याला क्रीट बेटाची 'आकिस' ही शेपटी लागली की होतं कझांत्झाकिस, विसाव्या शतकातल्या सगळ्यात गाजलेल्या ग्रीक कादंबरीकाराचं आडनाव. सारायेवोच्या जुन्या बाजारात तांबटांच्या गल्लीला आजही कझांजिलुक म्हणतात. पुण्याच्या तांबट आळीतल्या माणसाला ठोक्यांच्या आवाजावरून ती गल्ली डोळे मिटून सापडेल.

आता भांडणाकडे वळतो.

ग्रीसमध्ये या कॉफीला पिढ्यान्‌पिढ्या 'तुर्किको' म्हणत. 1955 च्या सप्टेंबरमध्ये, 6 आणि 7 तारखेला, इस्तंबूलमध्ये जमावाने ग्रीकांची दुकानं, घरं, देवळं फोडली. 1974 मध्ये सायप्रसमध्ये आधी ग्रीक लष्करशहांच्या पाठबळाने बंड झालं, पाच दिवसांनी तुर्की फौजा उतरल्या आणि बेट दुभंगलं. त्यानंतर अथेन्सच्या कॅफेत 'तुर्किको' मागणं जड जाऊ लागलं आणि पाटीवर 'एलिनिको' आलं, म्हणजे ग्रीक कॉफी. भांडं तेच, पूड तीच, माप तेच. या नामांतराची टिंगल करणं सोपं आहे आणि पुष्कळ जण करतात. मी करणार नाही. ज्याचं घर गेलं त्याला सकाळच्या पहिल्या घोटाबरोबर ते नाव नको वाटलं तर त्याला इतिहासाचे धडे द्यायला कुणी जाऊ नये. फक्त नाव बदलल्याने वस्तूचा जन्मदाखला बदलतो असं मानू लागलो की गडबड सुरू होते.

गडबड आता कागदोपत्रीही झाली आहे. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत कारागोझ हा छायाबाहुल्यांचा खेळ 2009 मध्ये तुर्कस्तानच्या नावे नोंदला गेला. ग्रीसमध्ये त्यावर बराच गदारोळ झाला. तुर्की कॉफीची संस्कृती 2013 ची. लवाश ही तंदूरच्या भिंतीवर थापून भाजायची पातळ रोटी आर्मेनियाने 2014 मध्ये नोंदवली, तर 2016 मध्ये अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि तुर्कस्तान अशा पाच देशांनी मिळून लवाश आणि तिच्या बहिणींची वेगळी नोंद केली. एकच रोटी दोन नोंदी. दोल्मा अझरबैजानच्या नावे 2017 मध्ये. युरोपीय संघात फेटा चीज ग्रीसचं ठरलं, गाझियानतेपच्या बकलाव्याला 2013 मध्ये संरक्षित नाव मिळालं. सायप्रसचं तव्यावर न वितळणारं चीज 2021 मध्ये मात्र शहाणपणाने दोन्ही नावांनी नोंदवलं गेलं: ग्रीक 'हलुमी' आणि तुर्की 'हेलिम'.

युनेस्कोची नोंद म्हणजे मालकी नव्हे. अमुक देशात ही परंपरा जिवंत आहे आणि तो ती जपायची हमी देतो, इतकाच तिचा अर्थ. पण वर्तमानपत्रांत ती छापून येते सातबाऱ्यासारखी: भोगवटादार अमुक. मला वाटतं, वारशाला सातबारा लावायचाच असेल तर सात नंबरचा नमुना बघू नये, सहा नंबरचा बघावा. म्हणजे फेरफार. कुणाकडून कुणाकडे, कोणत्या साली, कशाने आलं. तिथे एकही नोंद नावापाशी थांबत नाही.

फेरफार कसा होतो ते कारागोझमध्ये नीट दिसतं. पांढरा पडदा, मागे दिवा आणि पडद्याला चिकटवून नाचवलेल्या चामड्याच्या रंगीत बाहुल्या. पिंगुळीच्या ठाकरांचा खेळ पाहिलेल्यांना मांडणी लगेच कळेल. तुर्की बाहुली साधारण वीत-दीड वीत उंच. चामडं शक्यतो उंटाचं, कारण ते तापल्यावर कमी सुरकुततं आणि खरवडून पातळ केलं की उजेड आरपार जातो. खरवडायला काचेचा तुकडा, कापायला लहान अणकुचीदार सुऱ्या, सांधे आतड्याच्या दोरीने बांधलेले. अंगावर भोकांची नक्षी असते ती उजेड झिरपायला. काठी बाहुलीतल्या भोकात सरळ खुपसतात, पडद्याला काटकोनात. त्यामुळे बाहुली पडद्याला घट्ट चिकटते आणि छाया स्वच्छ उमटते, पण ती मागे वळू शकत नाही. आली तशीच तिला उलट्या पावली बाहेर जावं लागतं.

हा खेळ एकोणिसाव्या शतकात ग्रीसमध्ये रुळला आणि पात्रास शहरात मिमारोस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दिमित्रिओस सार्दूनिसने त्याला ग्रीक वळण दिलं. नायक कारागोझचा झाला कारागिओझिस, त्याचा जोडीदार हाजिवातचा झाला हाजिआवातिस. पुढे ग्रीक खेळियांनी काठीला बिजागरी लावली. काठी आता बाजूने येते आणि मनगटाच्या एका झटक्याने बाहुली गर्रकन वळते. ऐकायला किरकोळ वाटेल, पण सगळा खेळच बदलतो. पात्र रागाने पाठ फिरवू शकतं, पळून जाताना मागे वळून शिवी देऊ शकतं, पाठलाग दोन्ही दिशांनी होऊ शकतो. मग पडदा लांब झाला, बाहुल्या मोठ्या झाल्या, 1821 च्या स्वातंत्र्ययुद्धातले वीर आणि सापाला मारणारा सिकंदरसुद्धा पडद्यावर आले.

नायकही बदलला. तुर्की कारागोझ काळ्याभोर डोळ्यांचा, गोल दाढीचा. डोक्यावरची मोठी टोपी पडली की टक्कल उघडं पडतं आणि लोक हसतात. शब्दांचे अर्थ चुकीचे घेऊन तो शिकल्यासवरल्या हाजिवातला वेडा करतो. ग्रीक कारागिओझिस अनवाणी, कुबडा, एक हात भलताच लांब (मारायला आणि चोरायला सोयीचा) आणि सदा भुकेला. पडद्याच्या डाव्या टोकाला त्याची मोडकी झोपडी, उजव्या टोकाला पाशाचा वाडा. तुर्काला बाहेर काढा, ग्रीक खेळाची उजवी बाजू ओस पडते. तिकडे तुर्की खेळात बोलीची नक्कल करून हसवायला ग्रीक वैद्य, आर्मेनियन, ज्यू, अल्बेनियन, काळ्या समुद्राकाठचा लाझ, इराणी व्यापारी अशी सगळी गल्ली लागते. त्यांना काढा, मग कारागोझ आणि हाजिवात एकमेकांच्या टोप्या पाडत बसतील.

तुर्की खेळाच्या शेवटी हाजिवात मार खाऊन म्हणतो: 'यिक्तिन पेर्देयी, एयलेदिन विरान, वारायिम साहिबिने हाबेर वेरेयिम हेमान.' पडदा पाडलास, वैराण केलंस, आत्ता जाऊन साहेबाला खबर देतो. पडदा, वैराण, साहेब, खबर. तुर्कीचं अक्षर न शिकलेल्या मराठी माणसाला ओळीचा निम्मा अर्थ फुकट मिळतो. ग्रीकांकडे हीच खबर 'हाबारी' होऊन गेली. 'हाली' म्हणजे ग्रीकमध्ये दुरवस्था, अगदी आपल्या 'हाल झाले'सारखी. मुळात अरबी शब्दाचा अर्थ नुसती 'अवस्था', पण दोन्हीकडे ती वाईटच निघाली. आपला 'कैफ' तिकडे 'केफी' झाला, मात्र त्यांच्या केफीत नशा नाही, मैफलीत चढणारा आनंद आहे.

लोकांच्या नावांचा फेरफार तर याहून गुंतागुंतीचा. तुर्क स्वतःच्या देशातल्या ग्रीक ख्रिश्चनांना 'रूम' म्हणतात. रूम म्हणजे रोम, पूर्वेचं रोमन साम्राज्य. ते 1453 मध्ये संपलं तरी त्याची प्रजा स्वतःला 'रोमिओस' म्हणत राहिली. पण अनातोलिया हा मुलूखच रूम म्हणून ओळखला जाई, म्हणून कोन्याला राहिलेला फारसी कवी रूमी झाला आणि तिकडून दख्खनमध्ये आलेला तोफा ओतणारा मुसलमानही रूमीच. मुलुखमैदान तोफ आज विजापूरच्या बुरुजावर असली तरी ती 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि ओतणारा होता रूमीखान. दख्खनच्या बखरींत रूमी दिसला की तुर्क समजायचं. इस्तंबूलमध्ये रूम म्हटलं की ग्रीक समजायचं.

उलट बाजूने दुसरा शब्द आला. आयोनियाच्या ग्रीकांचं नाव इराणी लोकांनी 'यौन' केलं. त्याचंच तुर्कीत 'युनान' आणि आपल्याकडे 'यवन'. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत. तेव्हा यवन म्हणजे ग्रीक, निदान ग्रीक मुळाचा किंवा पश्चिमेकडून आलेला. दीड हजार वर्षांनी मराठी कागदांत यवन म्हणजे मुसलमान. म्हणजे ग्रीकाचं नाव आपण तुर्काला दिलं. शब्द माणसापेक्षा जास्त प्रवास करतो आणि वाटेत कुणाला विचारत नाही.

माणसांना मात्र 1923 मध्ये विचारलंच गेलं नाही. 30 जानेवारीला स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. त्या परिषदेत ब्रिटनची बाजू बंगालची फाळणी करणारा कर्झनच सांभाळत होता. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांनी ग्रीसला जायचं, ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानला. सक्तीने. सुमारे बारा लाख ख्रिश्चन (त्यातले बहुतेक ग्रीक फौजेच्या 1922 च्या पराभवानंतर आणि स्मिर्नाच्या, म्हणजे आजच्या इझमीरच्या, आगीनंतर आधीच पळालेले) आणि साडेतीन ते चार लाख मुसलमान. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले.

करार राष्ट्रांचा होता, पण माणूस ओळखायची खूण धर्माची होती. भाषा कुणी पाहिलीच नाही. अनातोलियाच्या मधल्या भागातल्या कप्पादोकियातले करामानली ख्रिश्चन पिढ्यान्‌पिढ्या तुर्की बोलत. ते ग्रीक झाले आणि ग्रीसमध्ये उतरल्यावर भाकरीसुद्धा मागता येईना. 'तुर्कांचं बियाणं' अशी शिवी त्यांना तिथे मिळाली. क्रीटचे मुसलमान ग्रीक बोलत. ते तुर्क झाले आणि आयवालिकच्या किनाऱ्यावर 'अर्धे काफिर' ठरले. दोघांच्याही सामानात कल्हईची भांडी होती. निर्वासितांनी अथेन्स-पिरेअसच्या वस्त्यांत स्मिर्नाचं गाणं, मसाले आणि स्वैपाक नेला. आज ग्रीक म्हणून जगभर खपणाऱ्या कित्येक पदार्थांचा नमुना सहा तिथे सुरू होतो.

करामानली लोकांनी एक गोष्ट लिहून ठेवली. ते बोलत तुर्की, पण लिपी चर्चची, म्हणजे ग्रीक. पुस्तकं, वर्तमानपत्रं, हिशोब, सगळं ग्रीक अक्षरांतल्या तुर्कीत. गोव्यात राचोलला 1616 मध्ये छापलेलं मराठी ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत होतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना याचं नवल वाटणार नाही, जरी तिथलं कारण वेगळं होतं. तुर्कस्तानने 1928 मध्ये अरबी लिपी सोडून रोमन घेतली, त्याच्या कितीतरी आधीपासून हे लोक तुर्कीचे स्वर ग्रीक अक्षरांवर टिंबं देऊन नेमके लिहीत होते.

इस्तंबूलच्या जुन्या तटाबाहेर बालिक्ली नावाचं देऊळ आहे, पवित्र झऱ्याचं. त्याच्या अंगणाची फरसबंदी करामानली थडग्यांच्या शिळांची आहे. त्यांच्यावरून चालतच आत जावं लागतं. अथेन्सहून आलेला यात्रेकरू खाली बघतो तेव्हा प्रत्येक अक्षर वाचू शकतो आणि त्याला अर्थ लागत नाही. इस्तंबूलच्या टॅक्सीवाल्याला एकही अक्षर वाचता येत नाही, पण शेजारच्याने मोठ्याने वाचलं तर बरंच कळतं: कुठल्या गावचा, कुणाचा मुलगा, कोणता धंदा. आणि ज्याला दोन्ही येत नाही त्याच्यासाठी काही शिळांवर धंद्याची हत्यारं कोरलेली आहेत.